स्वस्त विमान : ओळख आणि हिशेब

(कामगार अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



विमानाचे तिकीट हा विषय श्रमिकांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. विमान हे मंत्र्यांचे, कारखानदारांचे आणि परदेशी शिकायला जाणाऱ्या धनिकपुत्रांचे वाहन, ही समजूत एका पिढीच्या मनात घट्ट बसलेली आहे. ती पूर्वी खरी होती; आज ती तितकीशी खरी राहिलेली नाही. रत्नागिरी-रायगडातला गवंडी आखातात कामाला जातो तो विमानानेच. बंगळूरला संगणकावर राबणारी विदर्भातली मुलगी वडिलांच्या आजारपणाची बातमी येताच नागपूरचे विमान शोधते. दिल्लीच्या रुग्णालयात तारीख मिळालेल्या रुग्णाचे नातेवाईक रेल्वेचे आरक्षण न मिळाल्याने वर्गणी काढून विमानाचे तिकीट घेतात. या माणसांच्या दृष्टीने पाचशे रुपयांचा फरक हा फरकच असतो. म्हणूनच 'स्वस्त' हा शब्द त्यांच्यासमोर कोण, कशासाठी आणि कोणत्या आधारावर उच्चारतो, याची चिकित्सा करणे हे श्रमिक चळवळीचे काम ठरते.

प्रथम थोडा इतिहास. १९५३ साली भारत सरकारने विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले आणि देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स व परदेशी सेवेसाठी एअर इंडिया ही दोन महामंडळे स्थापन झाली. त्या व्यवस्थेत नोकरशाहीचे दोष होते, भाडी सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती, हे मान्य केले पाहिजे. १९९४ साली तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना आकाश खुले झाले. पण खऱ्या अर्थाने भाडी उतरली ती २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केल्यानंतर. पाठोपाठ २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर आणि २००६ मध्ये इंडिगो आली. सरकारी एअर इंडियानेही २००५ मध्ये आखाताच्या प्रवाशांसाठी एअर इंडिया एक्सप्रेस ही स्वस्त शाखा काढली. रेल्वेच्या वातानुकूलित डब्याने जाणारा मध्यमवर्गीय प्रथमच विमानाकडे वळला. ही गोष्ट कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र या कल्पनेचे मूळ भारतातले नाही. १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात साउथवेस्ट नावाची कंपनी डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्ये उडू लागली. तिने खर्च कसा कमी केला, हे समजून घेण्यासारखे आहे. एकाच जातीची विमाने घेतली, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, दुरुस्तीचे तंत्र एक. विमान जमिनीवर उभे राहिले की पैसा खाते, हवेत असले की मिळवते. म्हणून उतरलेले विमान अवघ्या काही मिनिटांत पुन्हा उडवायचे. जेवणाचा थाट नाही, वेगवेगळे वर्ग नाहीत. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, ही कंपनी अमेरिकेतील सर्वाधिक कामगार-संघटित विमानकंपन्यांपैकी एक होती. तेव्हा खर्च कमी करण्यासाठी कामगारांची संघटना मोडावीच लागते, असा काही निसर्गनियम नाही. कामाची आखणी शहाणपणाने केली, तरी तिकीट स्वस्त होते.

या तत्त्वाची दुसरी, कडवट आवृत्ती युरोपात रायनएअरने उभी केली. जे जे वेगळे काढून विकता येईल ते वेगळे काढायचे, हा तिचा खाक्या. सामान, आसन, विमानतळावर छापून घेतलेला प्रवेशपास, प्रत्येकाला निराळे शुल्क. 'फ्रँकफर्ट' म्हणून विकलेले विमान हान येथे उतरत असे आणि हान हे फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. या कंपनीने कामगार संघटनांना मान्यता दिली ती २०१७ च्या डिसेंबरात, वैमानिकांचा संप दाराशी येऊन ठेपल्यावर.

या दोन उदाहरणांवरून एक भेद स्पष्ट होतो. स्वस्त तिकिटामागची बचत तीन ठिकाणांहून येऊ शकते. पहिली, कामाच्या सुबक आखणीतून; ही बचत समाजाच्या हिताची आहे. दुसरी, कंपनीचा खर्च उताऱ्याच्या खिशावर ढकलण्यातून. ही बचत नव्हेच, हा नुसता हिशेबाचा फेरफार होय. तिसरी, कामगाराच्या झोपेतून, वेतनातून आणि नोकरीच्या शाश्वतीतून. ही बचत म्हणजे शोषण. जाहिरातीत या तिन्हींना 'स्वस्त' हा एकच शब्द वापरला जातो. तिकीट काढणाऱ्याने त्यांतली कोणती आपल्यासमोर आहे हे ओळखायला शिकले पाहिजे.

आता ओळखीच्या खुणांकडे वळू. पहिली अडचण अशी की, कायद्याच्या पुस्तकात ही ओळख सापडत नाही. सरकारी परवान्यात 'स्वस्त कंपनी' असा निराळा वर्ग नाही. करही भेद करीत नाही. साध्या वर्गाच्या तिकिटावरचा ५ टक्के वस्तू व सेवा कर दोन्हीकडे सारखाच आहे. तेव्हा ओळख पटवायची ती तिकिटाच्या तपशिलातूनच.

पहिली खूण, विमानाच्या क्रमांकाआधीची दोन अक्षरे. ६ई म्हणजे इंडिगो, एसजी म्हणजे स्पाइसजेट, क्यूपी म्हणजे २०२२ साली सुरू झालेली अकासा, आयएक्स म्हणजे एअर इंडिया एक्सप्रेस आणि एआय म्हणजे एअर इंडिया. शेवटच्या दोन नावांत गफलत होणे फार सोपे आहे. नाव जवळजवळ एक, मालक एक; परंतु एका ठिकाणी जेवण भाड्यात धरलेले, दुसऱ्या ठिकाणी साधारणतः ते विकत. शिवाय कंपन्यांचे आपसांत करार असतात. तिकिटावर क्रमांक एका कंपनीचा असतो आणि विमान प्रत्यक्षात दुसरीच कंपनी चालविते. हे कोठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती ओळ वाचल्याखेरीज पैसे भरू नयेत.

दुसरी खूण सामानाची. देशांतर्गत प्रवासात हातातले सामान सामान्यतः ७ किलो आणि तपासणीतून पाठविण्याचे १५ किलो, असा रिवाज पडला आहे. परंतु २०२१ पासून तपासणीचे सामान मुळीच नसलेले भाडे विकण्यास कंपन्यांना परवानगी मिळाली. या भाड्याला 'लाइट' किंवा तत्सम गोजिरे नाव असते. पाठीवर एक पिशवी टाकून जाणाऱ्याला ते खरोखर फायद्याचे. पण आखातातून दोन वर्षांनी घरी परतणारा कामगार पिशवी घेऊन येत नसतो. तो घरादारासाठी खोके बांधून आणतो. विमानतळाच्या खिडकीवर त्या खोक्याचे वजन झाले, की जादा किलोंचा दर त्याला तेथे कळतो, आणि तो दर आगाऊ भरलेल्या दरापेक्षा नेहमीच चढा असतो. म्हणून भाड्याचा आकडा पाहण्याआधी किलोंचा आकडा पाहावा.

तिसरी खूण विमानतळाची. शहराचे नाव म्हणजे विमानतळ नव्हे. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यात दाबोळी आणि पेडण्यातील मोपा असे दोन विमानतळ आहेत. मडगावला जाणाऱ्याने मोपाचे तिकीट काढले तर उत्तर गोव्यातून दक्षिणेकडचा रस्ता त्याला तुडवावा लागतो. दिल्लीच्या नावावर गाझियाबादजवळच्या हिंडनचे विमान मिळू शकते. २०२५ च्या २५ डिसेंबरपासून मुंबईच्या उताऱ्यांसाठी नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. पनवेलकराला तो सोयीचा, बोरिवलीकराला गैरसोयीचा. टॅक्सीचे भाडे हे तिकिटाचाच भाग समजून हिशेब केला पाहिजे. जाता जाता एवढे स्मरण ठेवावे की, ज्या परिसरात हा विमानतळ उभा राहिला, त्या परिसरातील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध लढा दिला होता आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले होते. विमानप्रवासाच्या खर्चात हाही खर्च आहे. तो कोणत्याच तिकिटावर छापला जात नाही.

चौथी खूण जोडप्रवासाची. पूर्ण सेवा देणारी कंपनी बहुधा एकाच तिकिटावर दोन विमाने जोडून देते. पहिले उशिरा आले तर पुढची सोय करणे तिच्यावर येते आणि सामान थेट अखेरच्या मुक्कामी जाते. अनेक स्वस्त कंपन्यांची, विशेषतः परदेशातील, रीत अशी की एक उड्डाण म्हणजे एक करार. काही विक्रेते दोन वेगवेगळी तिकिटे शेजारीशेजारी मांडून त्यांना जोडप्रवास म्हणतात. पहिले विमान रखडले की दुसरे तिकीट कागदाचा कपटा होते आणि कोणीही जबाबदारी घेत नाही. एक आरक्षण क्रमांक आहे की दोन, एवढे पाहिले तरी हा घोटाळा टळतो.

पाचवी खूण शेवटच्या पडद्यावरची. समजा, पुण्याहून दिल्लीची दोन भाडी दिसली, एक ४,२०० रुपयांचे आणि दुसरे ४,९०० चे. पहिल्यात आसन निवडण्याचे ३५०, जेवणाचे ४०० आणि 'सुविधा शुल्क' ३०० असे मिळविले की ५,२५० होतात. दुसऱ्यात आसन व जेवण धरलेले असेल, तर सुविधा शुल्कासह ते ५,२०० ला पडते. स्वस्त दिसणारे महाग निघाले ते असे. यात आसनाच्या शुल्काची युक्ती विशेष ध्यानात घ्यावी. आसन न निवडताही प्रवास करता येतो, कोणते तरी आसन मिळतेच. पण पडद्याची मांडणी अशी असते की निवडणे सक्तीचेच आहे असे वाटावे. मुलाला आईपासून दूर बसविले जाईल या भीतीने पैसे भरणारे पुष्कळ. वस्तुतः २०२४ मध्ये विमानवाहतूक महासंचालनालयाने सांगितले आहे की, एकाच आरक्षणावरील १२ वर्षांखालील मुलाला आई किंवा वडील यांपैकी एकाच्या शेजारी जागा दिली पाहिजे. न मागता टोपलीत टाकलेला विमा, थेंबाथेंबाने वाढत जाणारी किंमत, 'शेवटची दोनच आसने' असली खोटी घाई, यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरविले आहे. नियम आहे, तो वापरणारा ग्राहक संघटित नाही.

आणखी एक इशारा. या खुणा स्थिर नाहीत. सगळी आसने एकाच वर्गाची असणे ही स्वस्त कंपनीची पक्की खूण मानली जाई. पण इंडिगोने २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिल्ली-मुंबई मार्गावर मोठ्या आसनांचा वरचा वर्ग सुरू केला. ज्या साउथवेस्टने सामान फुकट नेण्याची जाहिरात वर्षानुवर्षे केली, तिनेही २०२५ च्या मे महिन्यापासून सामानावर शुल्क बसविले. उलट, पूर्ण सेवेच्या कंपन्यांची सर्वांत खालची भाडी स्वस्त कंपन्यांसारखीच आखडती झाली आहेत. म्हणून नावावर विसंबू नये, तपशील पाहावा.

येथवर उताऱ्याच्या खिशाचा विचार झाला. पण ज्याला फक्त स्वतःचा खिसा दिसतो तो ग्राहक होय, नागरिक नव्हे. तिसऱ्या बचतीकडे, म्हणजे कामगाराच्या श्रमाकडे, पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक. लग्ने चुकली, परीक्षा चुकल्या, माणसे विमानतळाच्या फरशीवर झोपली. याचे कारण काय? वैमानिकांच्या आठवड्याच्या विश्रांतीची मुदत ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा आणि रात्री विमान उतरविण्याच्या फेऱ्या कमी करणारा नियम. हा नियम काही एका रात्रीत आलेला नव्हता. तो २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाला होता. वैमानिकांच्या संघटनांनी त्यासाठी न्यायालयाची पायरी चढली होती. तयारीला जवळजवळ दोन वर्षे होती. पण माणसे कमी ठेवून विमाने जास्त उडविण्याच्या गणितात विश्रांतीला जागाच नव्हती. आणि मग काय झाले? नियम मोडणाऱ्या परिस्थितीला आवर घालण्याऐवजी नियमच त्या कंपनीपुरता काही काळ शिथिल करण्यात आला. थकलेला वैमानिक आणि अडकलेला उतारू यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात आले. वास्तविक दोघांचे हित एकच आहे; झोपलेला वैमानिक उताऱ्याला नको असतो.

याच आठवड्यात इतर कंपन्यांची भाडी इतकी भडकली की ६ डिसेंबरला सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. बाजार आपोआप समतोल साधतो, हे प्रवचन करणाऱ्यांना त्या दिवशी सरकारची आठवण झाली! २०२५ साली देशातील दर दहा उताऱ्यांपैकी जवळजवळ नऊ जण इंडिगो आणि टाटांचा एअर इंडिया समूह यांच्या विमानांत बसत होते. स्पर्धेतून स्वस्ताई आली हे खरे. पण स्पर्धेने स्पर्धकच खाऊन टाकले. एअर डेक्कन किंगफिशरने गिळली आणि किंगफिशर २०१२ मध्ये कामगारांची वेतने थकवून जमिनीवर बसली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्ट ३ मे २०२३ ला थांबली आणि २०२५ च्या जानेवारीत तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. आगाऊ भाडे भरलेला उतारू दिवाळखोरीच्या रांगेत मागच्या टोकाला उभा राहतो. म्हणजे फार महिने आधी काढलेले स्वस्त तिकीट हे गरीब माणसाने श्रीमंत कंपनीला दिलेले बिनव्याजी, बिनतारण कर्जच होय.

मग करायचे काय? विमानाकडे पाठ फिरवा, असे समाजवादी सांगणार नाही. वेग हा श्रमिकाचाही हक्क आहे. प्रथम, असलेले हक्क वापरावेत. भाडे कितीही स्वस्त असो, हक्क स्वस्त होत नाहीत. 'पैसे परत मिळणार नाहीत' असे छापलेल्या तिकिटावरही सरकारी कर व विमानतळाची शुल्के परत द्यावीच लागतात. तिकीट दलालामार्फत काढले तरी परताव्याची जबाबदारी विमानकंपनीचीच असते. जागेपेक्षा अधिक तिकिटे विकून एखाद्याला खाली ठेवले आणि तासाभरात दुसरी सोय केली नाही, तर २०१६ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे १०,००० ते २०,००० रुपयांच्या कमाल मर्यादेत भरपाई आहे. या नियमांत स्वस्त आणि महाग असा भेद नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे नियम पाठ करावेत. शिधापत्रिकेचा अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्याला परताव्याचा अर्जही लिहिता आला पाहिजे.

दुसरे, मागण्या. पहिल्याच पडद्यावर संपूर्ण किंमत, किलोंसह आणि विमानतळाच्या नावासह, दाखविण्याची सक्ती हवी. उताऱ्याचे आगाऊ पैसे, तो प्रवास करेपर्यंत, स्वतंत्र विश्वस्त खात्यात राहावेत, म्हणजे कंपनी बुडाली तरी ते बुडणार नाहीत. विश्रांतीच्या नियमांना सूट नको. नियंत्रण ठेवणाऱ्या महासंचालनालयातील सुमारे निम्मी पदे रिकामी असल्याकडे २०२५ साली संसदीय समितीने बोट दाखविले. ती भरली पाहिजेत, कारण पहारेकऱ्याविना कुलूप काय कामाचे? आणि ज्या मार्गांवर नफा नाही तेथे लोकांच्या पैशातून अनुदान देऊन खासगी विमाने उडविण्यापेक्षा, सरकारच्या हाती उरलेल्या अलायन्स एअरला बळ देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली. त्या गाडीच्या तिकिटावर टप्प्याप्रमाणे भाडे होते. खिडकीजवळच्या जागेचे निराळे पैसे नव्हते, आईजवळ बसण्याचे निराळे पैसे नव्हते आणि तीच गाडी, त्याच भाड्यात, आडगावच्या माणसासाठीही थांबत होती. एस.टी.त दोष पुष्कळ आहेत. तिच्या कामगारांनी पगारासाठी किती टाचा घासल्या हे महाराष्ट्र जाणतो. तरीही सार्वजनिक वाहतूक कशाला म्हणतात, याचा धडा त्या साध्या तिकिटात आहे. सांगितलेले भाडे आणि घेतलेले भाडे एकच असावे, एवढीच विमानकंपन्यांकडे मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत प्रत्येकाने पैसे भरण्यापूर्वी पाच ओळी वाचाव्यात : विमान कोणाचे, किलो किती, विमानतळ कोणता, आरक्षण एक की दोन, आणि अखेरची बेरीज काय. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजाऱ्याने वाचून दाखवाव्यात. चळवळीची सुरुवात बहुधा असल्याच कामातून होत असते.